परदेशस्थ डॉक्टरांचे वार्षिक संमेलन



गडचिरोली, गोंदिया, यवतमाळ या बाजूचा खेड्यातला माणूस नागपूरला येतो तो बहुधा तीन कामांसाठी: कोर्ट, बाजार, नाहीतर दवाखाना. दुखणे अवघड झाले की आपले लोक म्हणतात, "मेडिकलला दाखवा, मेयोला दाखवा," आणि चार पैसे हाताशी असले तर, "रामदासपेठेत न्या." छिंदवाडा-बालाघाटकडची मंडळीही याच वाटेने येतात. रामदासपेठेच्या रस्त्यांवरून पाट्या वाचीत चालले, तर काही डॉक्टरांच्या नावापुढे आपल्या विद्यापीठाच्या पदवीखाली परदेशची अक्षरे दिसतात. ही झाली जाऊन परत आलेल्यांची गोष्ट. पण जे गेले आणि तिकडेच राहिले, त्यांची पाटी येथे कोठून दिसणार? त्यांची गाठ पडते ती डिसेंबर-जानेवारीत. त्या दिवसांत जुन्या वर्गांचे पंचविशीचे, पन्नाशीचे मेळावे भरतात आणि साठी उलटलेली माणसे कॉलेजातल्या टोपणनावांनी एकमेकांना हाका मारतात.

ही मंडळी तिकडे राहतात, तेव्हा तेथेही दरवर्षी एकत्र जमतात. त्या वार्षिक संमेलनाचा कारभार कसा चालतो आणि त्यातून आपण काय घ्यावे, हा आज माझ्या बोलण्याचा विषय आहे.

आता तुम्ही म्हणाल, "गुरुजी, अमेरिकेतल्या डॉक्टरांचे संमेलन आणि आमचे गाव यांचा संबंध काय?" संबंध दोन आहेत. एक असा की, यातले पुष्कळसे डॉक्टर सरकारी महाविद्यालयांत शिकले. नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९४७ साली सुरू झाले. तेथील विद्यार्थ्याची फी कधीच खर्चाएवढी नव्हती. वरचा खर्च शासनाने केला, म्हणजे तुमच्या-आमच्या करांतून झाला. तेव्हा तिकडच्या सभेत काय ठरते, हे विचारण्याचा अधिकार आपल्याला आहे. दुसरा संबंध असा की, संमेलन तुम्हालाही भरवावे लागते. शाळेचे स्नेहसंमेलन असो, माजी विद्यार्थ्यांचा मेळावा असो की सहकारी सोसायटीची वार्षिक सभा असो, अडचणी त्याच असतात. फरक फक्त रकमेचा.

प्रथम हे पाहू की, या संस्था निघाल्या कशासाठी.

आपल्या आनंदीबाई जोशी १८८६ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून पदवीधर झाल्या. पदवीदानाला पंडिता रमाबाई मुद्दाम गेल्या होत्या. सातासमुद्रापार, आजारी शरीराने शिकणाऱ्या त्या मुलीला आधार होता तो एका अमेरिकन कुटुंबाच्या मायेचा. संघटना नव्हती, संमेलन नव्हते. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात त्यांची नेमणूक झाली होती, पण परत आल्यावर १८८७ च्या फेब्रुवारीत त्या गेल्या. वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांचे पथक चीनला गेले. त्यात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते हे सर्वांना ठाऊक आहे, पण त्याच पथकात आपल्या नागपूरचे डॉ. चोळकरही होते, हे थोड्यांना माहीत असते. ही माणसे सेवेसाठी गेली. त्यांची संख्या बोटांवर मोजण्याइतकी.

मोठी रांग लागली ती पुढे. १९४८ साली इंग्लंडने सरकारी आरोग्यसेवा सुरू केली आणि तिला डॉक्टर कमी पडू लागले. १९६५ साली अमेरिकेने परदेशी लोकांच्या प्रवेशाचा कायदा बदलला. आमची मुले गेली आणि राबली. जेथे तेथले डॉक्टर जावयास नाखूश असत, अशा गावी आणि अशा शाखांत पुष्कळांना कामे मिळाली. पण गरज भागू लागली तसा दरवाजा अरुंद होत गेला. १९७५ साली इंग्लंडच्या वैद्यक परिषदेने भारतीय पदव्यांची सरसकट मान्यता काढून घेतली आणि परदेशी डॉक्टरांसाठी परीक्षा आणली. त्याच वर्षी तेथे परदेशी डॉक्टरांची संघटना उभी राहिली. अमेरिकेत १९७६ च्या कायद्याने परदेशी डॉक्टरांची वाट अवघड केली. पुढे १९८२ साली तेथे भारतीय वंशाच्या डॉक्टरांची संघटना निघाली. तिच्या लांबलचक इंग्रजी नावाची आद्याक्षरे घेऊन तिला 'आपी' म्हणतात. इंग्लंडात १९९६ साली 'बापिओ' ही संघटना निघाली.

म्हणजे बघा, या संस्था गाण्या-जेवणासाठी निघाल्या नाहीत, आपला हक्क राखण्यासाठी निघाल्या. याचे एक उदाहरण सांगतो. २००६ साली इंग्लंडमध्ये नियम बदलला आणि शिकण्यासाठी आलेले भारतीय तरुण डॉक्टर एकाएकी अधांतरी लटकले. 'बापिओ' न्यायालयात गेली. एकेक पायरी चढत प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत पोहोचले आणि २००८ साली निकाल लागला: त्या डॉक्टरांना मागे सारण्याविषयी आरोग्य खात्याने रुग्णालयांना दिलेली सूचना बेकायदा होती. एकट्यादुकट्या डॉक्टरला हे साधले असते काय? कोर्टाची पायरी चढायला पैसा लागतो, आणि त्याहून अधिक लागते ती एकजूट. ती एकजूट वर्षातून एकदा डोळ्यांनी पाहावी, मोजावी आणि पुढच्या वर्षाची बांधावी, यासाठी संमेलन असते.

आता प्रत्यक्ष कारभाराकडे वळू.

'आपी'चे संमेलन उन्हाळ्यात, बहुधा जून-जुलैत, तीन-चार दिवस भरते. त्या वेळी तिकडे मुलांच्या शाळांना सुटी असते. गाव दरवर्षी बदलते: २०२१ साली अटलांटा, २०२२ ला सॅन अँटोनिओ, २०२३ ला फिलाडेल्फिया, म्हणजे आनंदीबाईंचेच गाव, आणि २०२४ ला न्यूयॉर्क. गाव बदलण्याचे कारण सरळ आहे. एकाच गावावर यजमानकीचा बोजा पडू नये आणि एकाच गावाच्या हाती संस्था जाऊ नये.

पहिला प्रश्न पडतो तो हा की, डॉक्टरने यावे कशाला? त्याचा एकेक दिवस मोलाचा. केवळ जेवणासाठी तो विमानाचे भाडे भरील का? चालकांनी याचे उत्तर हुशारीने काढले आहे. अमेरिकेतील बहुतेक राज्यांत डॉक्टरला आपला परवाना चालू ठेवण्यासाठी ठराविक तास नवे शिक्षण घेतल्याचा दाखला द्यावा लागतो. आपल्या महाराष्ट्रातही वैद्यक परिषदेचा असाच नियम आहे, पाच वर्षांत ३० गुणांचा. मग संमेलनातच मान्यताप्राप्त व्याख्याने ठेवली की, डॉक्टरला रजा मिळते, दाखला मिळतो आणि मित्रही भेटतात. सकाळी अभ्यास, दुपारी सभा, रात्री गाणे आणि पंगत असा बेत ठरतो. ज्याला जे हवे ते त्याला मिळते, आणि आलेल्या प्रत्येकाच्या पदरात निदान एक तरी कामाची गोष्ट पडते.

शिक्षकबंधूंनो, ही गोष्ट मनात धरून ठेवा. माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यास लोक येत नाहीत, अशी आपली तक्रार असते. पण "या" म्हणण्यापलीकडे आपण त्यांना येण्याचे कारण देतो काय? पाहुण्याचे भाषण, सत्कार, हार-तुरे, पुन्हा भाषण. एवढ्यासाठी पुण्याहून कोण येणार? त्याऐवजी, "दहावीच्या मुलांना तुमच्या धंद्याची एक तास माहिती द्या," असे एखाद्या माजी विद्यार्थ्याला कळवून पाहा. माणूस कामासाठी बोलावला की येतो.

दुसरा प्रश्न पैशाचा. एवढे मोठे संमेलन हॉटेलात भरवायचे म्हणजे वर्ष-दोन वर्षे आधी करार करावा लागतो. त्यात एक मेख असते. संस्था हॉटेलला लिहून देते की, आमची माणसे इतक्या खोल्या घेतील आणि इतकी पाने उठतील. तेवढी माणसे आली नाहीत, तर फरक संस्थेने भरायचा. लग्नघरी पंगतीचा अंदाज चुकला की वरबापाला घाम फुटतो. येथे तर घरबसल्या हजारो डॉलरांचा फटका. म्हणून लवकर नाव नोंदविणाऱ्याला फी कमी आणि उशिरा येणाऱ्याला जास्त, अशी पद्धत असते. ती काही व्यापारी युक्ती नव्हे. कोण येणार हे चालकांना आधी कळावे, यासाठी ती आहे.

फीने सगळा खर्च भागत नाही. मग औषध कंपन्या, यंत्रांच्या कंपन्या, बँका येतात, पैसे देतात आणि आपले मांडव थाटतात. येथे धोका आहे. ज्याने जेवण दिले त्याचेच औषध व्याख्यानात थोर ठरू लागले तर? म्हणून तिकडे नियम आहे की, दाखला देणारे शिक्षण आणि जाहिरात एकमेकांत मिसळावयाची नाहीत. व्याख्यानाच्या दालनात कंपनीचे दुकान नाही आणि वक्ता ठरविण्यात कंपनीचा हात नाही. आपल्याकडे गावच्या कार्यक्रमात देणगीदाराला अध्यक्ष करण्याची जी चाल आहे, ती या दृष्टीने एकदा तपासून पाहावी.

तिसरी गोष्ट वार्षिक सभेची, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची. गाणे, नाटक, जेवण यांत संमेलनाचा जीव नसतो. तो असतो या तास-दोन तासांच्या रुक्ष बैठकीत. तेथे गेल्या वर्षीचे इतिवृत्त वाचले जाते, तपासलेला जमाखर्च मांडला जातो आणि सभासद प्रश्न विचारतात. 'आपी'त अध्यक्ष एका वर्षाचा असतो. पुढल्या वर्षी अध्यक्ष कोण, हे आधीच ठरलेले असते आणि तो वर्षभर शेजारी बसून काम शिकतो. संमेलनात सूत्रे हातोहात दिली जातात. वर्ष फार लहान, असे कोणी म्हणेल. पण खुर्चीला चिकटण्याचा रोग त्यामुळे पुष्कळ आटोक्यात राहतो, आणि नव्या माणसाला अमुक कागद कोठे आहे हे विचारीत हिंडावे लागत नाही.

याचा अर्थ तेथे सारे आलबेल असते, असा समजू नका. माणसे आपलीच, तेव्हा रुसवे-फुगवे आलेच. व्यासपीठावर कोणाला बसविले, कोणाचे नाव पत्रिकेत मागे पडले, कोणाच्या प्रांताचे गाणे झाले नाही, यांवरून वाद होतात. अशा संस्थांच्या निवडणुकांचे वाद कोर्टापर्यंतही गेले आहेत. यावर उपाय एकच, आणि तो जुनाच आहे: नियम भांडणाच्या आधी लिहून ठेवावेत. सभेची नोटीस किती दिवस आधी, किती माणसे जमली म्हणजे सभा पुरी, मत कोणाला, हिशेब कोण तपासणार, हे सारे शांत डोक्याने कागदावर उतरले पाहिजे. आणि सभेची वेळ सकाळची ठेवावी. जेवणानंतरच्या सभेत हिशेब मंजूर होतात खरे, पण ऐकलेले कोणी नसते.

चौथा प्रश्न पुढच्या पिढीचा. पहिली पिढी मराठी, तेलुगू, पंजाबी बोलत गेली. तिच्या मुलांचे सारे शिक्षण तिकडे झाले. त्यांना आईबापांच्या कॉलेजच्या आठवणी ऐकण्यात काय गोडी? म्हणून तरुण डॉक्टर आणि वैद्यकीय विद्यार्थी यांच्या वेगळ्या शाखा काढल्या गेल्या आणि त्यांना संमेलनात स्वतःचा वेळ दिला गेला. मुलांना नुसते नाचगाण्याला उभे केले, तर ती एक वर्ष येतात. काम आणि मत दिले, तर पुन्हा येतात.

आता त्या अवघड प्रश्नाकडे येतो. पुष्कळांच्या मनात तो असतो आणि थोडे तो बोलून दाखवितात. "आमच्या पैशावर शिकले, आम्हाला सोडून गेले, आणि आता झगमगाटात संमेलने भरवितात. त्याचे कौतुक आम्ही का करावे?"

हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टरची जागा रिकामी पाहणाऱ्या माणसाने असे म्हटले, तर त्याला आपण काय सांगणार? शिवाय न जाणाऱ्यांची आणि जाऊन परतणाऱ्यांची उदाहरणे आपल्याच भागात आहेत. नागपूरच्या मेडिकलमधून निघालेले डॉ. प्रकाश आमटे आणि डॉ. मंदाकिनी आमटे हेमलकशाला राहिले. तो लोकबिरादरी प्रकल्प १९७३ सालचा. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात शिकले आणि तेथील ज्ञान घेऊन गडचिरोलीला आले. गावातल्या बायकांना शिकवून त्यांच्या हातून घरोघर नवजात बाळांची काळजी घेता येते आणि बालमृत्यू घटतात, हे त्यांनी १९९९ साली जगापुढे मांडले. डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे मेळघाटात बैरागडला बसले. तेव्हा परदेशी जाणे हा एकच रस्ता होता, असे कोणी म्हणू नये.

पण सर्वांनी तसे केले नाही आणि सर्व परत येतील असेही नाही. मग उरलेल्या ऋणाचे काय? माझे म्हणणे एवढेच की, ऋण एकेकट्या माणसाच्या मनात राहिले तर ते डिसेंबरच्या भेटीतल्या हळहळीवर संपते. तेच सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर आले, त्याला रक्कम, माणूस आणि मुदत लागली, की त्याचे काम होते. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे कोरोनाची दुसरी लाट आली आणि माणसे प्राणवायूसाठी धावत होती. तेव्हा 'आपी'सारख्या संस्थांनी पैसा गोळा करून प्राणवायूची यंत्रे भारतात पाठविली. हे काही आठवड्यांत जमले ते कशामुळे? सभासदांची यादी तयार होती, हिशेबावर विश्वास होता, कोणाला फोन करावयाचा हे ठाऊक होते. संकटाच्या दिवशी संस्था काढता येत नाही, आणि शांततेच्या वर्षांत भरलेल्या कंटाळवाण्या सभा अशा वेळी कामी येतात.

आता आपल्या बाजूचे बोलू. मदत घेणाऱ्यालाही कारभार यावा लागतो. तुमच्या शाळेचा एखादा विद्यार्थी तिकडे डॉक्टर आहे आणि गावासाठी काही करू म्हणतो आहे, असे समजा. चार गोष्टी ध्यानात ठेवा.

पहिली गोष्ट पैशाची. तो अजून भारताचा नागरिक असेल आणि स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पैसे देत असेल, तर ती परदेशी देणगी ठरत नाही. पण त्याने तेथले नागरिकत्व घेतले असेल, तर जन्म तुमच्याच गावचा असला तरी त्याची देणगी कायद्याने परदेशी ठरते. मग संस्थेला २०१० च्या परदेशी देणगीविषयक कायद्याखाली नोंदणी किंवा आगाऊ परवानगी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीपासून अशी रक्कम प्रथम दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतील खात्यातच यावी लागते. संस्थेला पाठविलेल्या वस्तूही यात मोडतात. म्हणून पैसे घेण्याच्या आधी जाणकार हिशेबनिसाला विचारा. चांगल्या हेतूने केलेली बेकायदा गोष्टही बेकायदाच.

दुसरी गोष्ट शिबिराची. पाहुणा डॉक्टर कितीही नामांकित असला, तरी येथे रुग्णावर उपचार करावयाचे तर येथील वैद्यक परिषदेची नोंदणी किंवा तात्पुरती परवानगी हवी. आणि शिबिर एका दिवसाचे असते, मधुमेह आणि रक्तदाब जन्माचे असतात. पाहुणे विमानात बसल्यावर त्या रुग्णाला कोण पाहणार, हे ठरल्यावाचून मांडव घालू नका. आपल्या आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना आणि आशाताईंना पहिल्या बैठकीपासून बरोबर घ्या.

तिसरी गोष्ट औषधांची. उरलीसुरली, मुदत संपत आलेली औषधे म्हणजे देणगी नव्हे. औषध पोहोचेल तेव्हा त्याची निदान एक वर्षाची मुदत शिल्लक असावी, असा जागतिक आरोग्य संघटनेचा दंडक आहे. यंत्र घ्यावयाचे असेल, तर त्याला वीज किती लागते, सुटा भाग कोठे मिळतो आणि दुरुस्त कोण करतो, हे आधी विचारा. नाहीतर वर्षभराने त्यावर धूळ आणि फुलांचा वाळका हार तेवढा दिसेल.

चौथी गोष्ट मागण्याची. "गावासाठी काहीतरी करा," असे म्हणू नका. 'काहीतरी' या शब्दावर कोणतीही सभा ठराव करू शकत नाही. एक पानाचे पत्र लिहा. काय हवे, किती हवे, किती खर्च येईल, गावाचा वाटा किती, ते सांभाळणार कोण आणि हिशेब कोणत्या तारखेला पाठविणार, हे त्यात असावे. आणि मुख्य म्हणजे तो हिशेब, मागितला नसला तरी, त्या तारखेला खरोखरच पाठवा. पहिली मदत ओळखीवर मिळते, दुसरी हिशेबावर.

संमेलनाची फोटो काढण्यासारखी बाजू आपल्याला लवकर दिसते. वर्षभर वह्या भरणारा चिटणीस, हॉटेलच्या करारातले बारीक अक्षर वाचणारा खजिनदार आणि सभेत उभा राहून, "गेल्या वर्षीच्या त्या ठरावाचे काय झाले?" असे विचारणारा सभासद, यांचे फोटो कोणी काढीत नाही. पण संस्था त्यांच्यावर उभी असते, मग ती न्यूयॉर्कची असो की आरमोरीची.

तेव्हा शिक्षकबंधू-भगिनींनो, या आठवड्यात एक काम करा. शाळेचे जुने दाखल-खारीज रजिस्टर काढा आणि त्यावरून माजी विद्यार्थ्यांची यादी करावयास घ्या: नाव, साल, आज कोठे, काय करतो. परदेशातल्यांची करा, नागपूर-पुण्यातल्यांची करा, आणि गावातच शेती करीत राहिलेल्यांची तर अवश्य करा, कारण मेळाव्याच्या दिवशी सतरंज्या तेच घालणार आहेत. यादी पुरी झाली की मगच मेळाव्याची तारीख ठरवा.